सोंगाड्या : दादा कोंडके

थर्ड इयर संपत आलं की आपल्या कॉलेजात सगळ्यांना एकच वेड लागतं – रेझ्युमे! एका पानात बसला पाहिजे, फॉन्ट एकच हवा, प्रोजेक्टचं नाव भारदस्त हवं. तर मित्रमैत्रिणींनो, आज एक वेगळाच रेझ्युमे बघा. नाव – कृष्णा कोंडके. जन्म – ८ ऑगस्ट १९३२, मुंबई. डिग्री – नाही. अनुभव – किराणा मालाच्या पुड्या बांधणे, बँडमध्ये वाजवणे, तमाशात काम करणे. व्यक्तिमत्त्व – चेहरा हिरोचा नाही, उंची हिरोची नाही, पोशाख म्हणजे गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि पुढे लोंबणारी नाडी. पहिला सिनेमा आला तेव्हा वय छत्तीस-सदतीस. असा माणूस कुठल्या कंपनीने शॉर्टलिस्ट केला असता? प्लेसमेंट सेलने तर फॉर्मच परत केला असता.

पण याच माणसाचे नऊ चित्रपट ओळीने पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. सिल्व्हर ज्युबिली म्हणतात ती हीच. हल्ली एखादा सिनेमा तीन आठवडे टिकला तर निर्माता पेढे वाटतो, त्यामुळे पंचवीस आठवडे म्हणजे काय ते आपल्या पिढीला पटकन कळत नाही. म्हणजे असं समजा, जूनमध्ये सेमिस्टर सुरू झालं तेव्हा लागलेला सिनेमा सबमिशन, ओरल, परीक्षा सगळं उरकून दिवाळीनंतरसुद्धा त्याच थिएटरात चालू आहे आणि रविवारी बाहेर बोर्ड लागलाय – हाऊसफुल्ल!

दादा कोंडके म्हटलं की आपल्यासमोर एक अस्सल खेडवळ माणूस उभा राहतो. गंमत म्हणजे दादा जन्मले आणि वाढले मुंबईत, नायगाव-लालबागच्या चाळीत. घराणं मूळचं भोरजवळच्या इंगवली गावचं. मोरबागेत घरचं किराणा दुकान होतं, आणि घरातली माणसं बॉम्बे डाइंग मिलमध्ये फोरमन होती. या भागाला तेव्हा गिरणगाव म्हणायचे. सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्हा आणि कोकणातून आलेली हजारो माणसं तिथे राहायची. एका खोलीत दहा-दहा जण, पाळी संपली की एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच जागेवर झोपायचं. बायकापोरं गावाला, मनीऑर्डर महिन्याला, आणि स्वतः मात्र भोंग्याच्या आवाजावर चालणारा. मुंबईत राहून यांच्या डोक्यात चोवीस तास गावच असायचं. शिमगा, गणपती, जत्रा, बैल, वाद, भावकी सगळं चाळीत येऊन बसलेलं. चाळीत भजन, चाळीत तमाशा, चाळीत भांडण!

दादांचा गाव हा असा आहे. तो आठवणीतला गाव आहे. गाव सोडून आलेल्या माणसांनी रात्री अंथरुणावर पडल्यावर एकमेकांना सांगितलेला. आपल्याला दादांचे सिनेमे आजही का आवडतात याचं अर्धं उत्तर मला इथेच सापडतं. हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. घरी असताना ज्या गोष्टीचा वैताग यायचा, तीच गोष्ट इथे मेसची डाळ खाताना किती गोड वाटते!

लहानपणी दादा अभ्यासू वगैरे मुळीच नव्हते. उनाड होते. मोरबागेतल्या मारामाऱ्यांत विटा, दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या ही त्यांची हत्यारं होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. मग तरुणपणी घरावर वाईट काळ आला. थोड्याच काळात घरातली बरीच जवळची माणसं एकामागून एक गेली. ज्या पोराच्या दंग्याने चाळ हैराण व्हायची तो पोरगा गप्प झाला. हे दुःख विसरायला त्यांनी बँडची वाट धरली आणि तिथूनच लोकांना हसवण्याचं वेड लागलं. आपण नेहमी समजतो की विनोदी माणूस मुळातच खुशालचेंडू असतो. दादांच्या बाबतीत तसं नव्हतं. हसवणं ही त्यांनी दुःखातून शोधलेली पळवाट होती, आणि त्या पळवाटेचा पुढे हमरस्ता झाला.

पोटासाठी नोकरी होती ती अपना बाजारमध्ये. नायगावच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवलेलं हे भांडार. पगार बेताचा. दिवसा पुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात जायचं. सेवा दल म्हणजे समाजवादी विचारांच्या लोकांची संघटना. तिथल्या कलापथकांतून लोकनाट्यं व्हायची, आणि त्या वातावरणातून महाराष्ट्राला निळू फुले, राम नगरकर असे एकाहून एक कलावंत मिळाले. ही मंडळी ड्रामा स्कूलमध्ये शिकली नाहीत. गावोगावी ट्रकमधून फिरत, देवळाच्या ओट्यावर नाहीतर शाळेच्या पटांगणात प्रयोग करत शिकली.

इथे तमाशाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तमाशा हा शब्द फक्त भांडणासाठी माहीत असतो. (घरी माझ्या पसाऱ्याला आई तेच म्हणते.) पारंपरिक तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण. तिच्यात कृष्ण, त्याचा पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची थट्टामस्करी. मग बतावणी, आणि शेवटी वग म्हणजे नाटकाची गोष्ट. या सगळ्यात एक माणूस असा असतो की ज्याला काहीही बोलायची मुभा. राजाला वेडा म्हणेल, प्रधानाची टोपी उडवेल, पाटलाचं नाव घेईल, समोर बसलेल्या फौजदारालाही सोडणार नाही. तो सोंगाड्या. दिसायला बावळट आणि आतून सगळ्यांत शहाणा. दादा आयुष्यभर सोंगाड्याच राहिले. नाव नाम्या असो, पांडू असो की गंगाराम, माणूस तोच.

'खणखणपूरचा राजा' या लोकनाट्यातलं दादांचं काम लेखक वसंत सबनीस यांना आवडलं. पुढे दादांनी स्वतःचं पथक काढलं आणि सबनीसांकडे नाटक मागितलं. सबनीसांनी दिलं ते 'विच्छा माझी पुरी करा'. एक राजा, एक कारस्थानी प्रधान, एक कोतवाल, एक हवालदार आणि मैनावती, एवढाच संसार. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. मैनावतीला राजाचा पलंग हवा असतो आणि तिच्या नादाला लागलेला कोतवाल तो चोरायला तयार होतो. पण या चार ओळींवर दादांनी रात्री रंगवल्या! १९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या या लोकनाट्याचे हजाराहून जास्त प्रयोग झाले. आज पेपरात जे छापून आलं ते रात्री स्टेजवर. मंत्री असो, महागाई असो, रेशनची रांग असो, दादा ते संवादात टाकायचे आणि प्रेक्षक फुटायचे.

आपण इंजिनिअर लोक एखादा पार्ट बाजारात आणण्याआधी त्याची टेस्टिंग करतो. दादांनी आपल्या विनोदाची टेस्टिंग अशी हजार प्रयोगांत केली. कोणत्या शब्दानंतर किती सेकंद थांबायचं, हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य कधी सोडायचं, पुणेकर कशाला हसतो आणि करमाळ्याचा माणूस कशाला, हे सगळं त्यांनी प्रेक्षकांसमोर उभं राहून मोजलं. त्यांचा सिनेमा बघताना मुद्दाम लक्ष द्या. वाक्य बोलून झाल्यावर दादा भोळ्या चेहऱ्याने क्षणभर नुसते बघत राहतात. ती जागा हशासाठी ठेवलेली असते. त्याच जागेवर आपणही हसतो, पन्नास वर्षांनंतर. याला म्हणतात डिझाइन!

हे नाटक आशा भोसले यांनी पाहिलं आणि त्यांनी दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं. भालजी म्हणजे कोल्हापूरच्या चित्रसृष्टीतलं मोठं नाव, सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांनी दादांना 'तांबडी माती' मध्ये काम दिलं. हा चित्रपट १९६९ चा, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. पण दादांना दुसऱ्याच्या सिनेमात काम करत बसायचं नव्हतं. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांनी स्वतः चित्रपट काढला. लिहिला वसंत सबनीसांनी, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं, आणि नाव – 'सोंगाड्या'.

'सोंगाड्या' ची गोष्ट साधी आहे. नाम्या हा एका करड्या आईचा भोळा, नुसता वाढलेला मुलगा. मित्रांच्या नादाने तो तमाशा बघायला जातो, तमाशातल्या कलावतीवर भाळतो, आणि आईला हे कळल्यावर ती त्याला घराबाहेर काढते. मग हा तमाशातच शिरतो. कलावती झाली होती उषा चव्हाण आणि आई झाल्या होत्या रत्नमाला. या गोष्टीत तमाशाही आहे आणि घरही आहे. पोरगा कितीही भरकटला तरी प्रेक्षकाला काळजी असते ती एकच, की आये याला परत घरात घेणार की नाही. म्हणूनच हा सिनेमा बघायला गावागावातून बैलगाड्या भरभरून बायका आल्या, पोरं आली, म्हातारी माणसं आली.

पण सिनेमा काढणं वेगळं आणि थिएटर मिळणं वेगळं. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये 'सोंगाड्या' लागायचा होता. थिएटरवाल्याला मात्र देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा होता. एकीकडे हिंदीतला चिकणा सुपरस्टार आणि दुसरीकडे लोंबत्या नाडीचा नाम्या. धंद्याचं गणित बघितलं तर थिएटरवाल्याचं काय चुकलं, असंही कुणी म्हणेल. दादा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसेना तेव्हा पाच वर्षांची होती आणि मराठी माणसाचा हक्क हाच तिचा विषय होता. शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. लागला तो असा चालला की थिएटरवाल्यालाच आश्चर्य वाटलं असेल. पुढे दादा सेनेच्या सभांमधून भाषणं करू लागले आणि तिथेही गर्दी खेचू लागले. सेवा दलात वाढलेला माणूस सेनेच्या व्यासपीठावर कसा गेला, यावर तेव्हाही वाद झाले आणि आजही होतात. त्यात मी पडत नाही. मात्र एक गोष्ट खरी की मराठी सिनेमाला महाराष्ट्रात थिएटर मिळत नाही ही ओरड आजही ऐकू येते. पन्नासहून जास्त वर्षं झाली, प्रश्न तोच आहे.

'सोंगाड्या' नंतर गाडी सुसाट सुटली. १९७२ मध्ये 'एकटा जीव सदाशिव', १९७३ मध्ये 'आंधळा मारतो डोळा', १९७५ मध्ये 'पांडू हवालदार', १९७६ मध्ये 'तुमचं आमचं जमलं', १९७७ मध्ये 'राम राम गंगाराम', १९७८ मध्ये 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', १९८० मध्ये 'ह्योच नवरा पाहिजे'. 'पांडू हवालदार' पासून दिग्दर्शनही स्वतःच करू लागले.

यातला 'एकटा जीव सदाशिव' मला सगळ्यांत जवळचा वाटतो. शहरातल्या श्रीमंत आईबापांचा मुलगा खेड्यात वाढतो आणि मोठेपणी शहरातल्या बंगल्यात येतो. काट्याचमच्याने कसं खायचं, पाहुण्यांशी कसं बोलायचं, कुठे थुंकायचं नाही, सगळे त्याला शिकवायला बघतात. सुरुवातीला आपण सदाशिवला हसतो. मग हळूहळू लक्षात येतं की हसण्यासारखे तर बंगल्यातले आहेत. फर्स्ट इयरला आपल्या कॉलेजात तालुक्याच्या गावाहून मुलं येतात, आणि आम्ही इंग्लिश मीडियमवाले त्यांच्या उच्चारांना हसतो. सेमिस्टरचा निकाल लागला की कोण कुणाला हसतं हे सगळ्यांना माहीत आहे! दादांनी हे १९७२ मध्येच सांगून ठेवलं होतं. याच गोष्टीवर पुढे २००० साली महेश मांजरेकरांनी गोविंदाला घेऊन 'जिस देश में गंगा रहता है' हा हिंदी चित्रपट काढला.

'पांडू हवालदार' मात्र मुंबईचा सिनेमा. दादा आणि अशोक सराफ दोघे हवालदार, आणि मुकीबहिरी असल्याचं नाटक करून हवालदाराला बनवणारी उषा चव्हाण. हवालदाराला पांडू म्हणायची पद्धत लोकांच्या तोंडी इतकी बसली ती या सिनेमामुळे. पोलिसांना ते आवडलं नाही हे साहजिकच आहे. याची गुजराती आवृत्तीही निघाली. याच सिनेमापासून संगीतकार म्हणून राम-लक्ष्मण ही जोडी आली. राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, आणि हे बारसं दादांनीच केलेलं. पुढे सुरेंद्र वारले. विजय पाटलांनी मात्र मित्राचं नाव कधी सोडलं नाही, एकट्याने काम करतानाही राम-लक्ष्मण हेच नाव लावलं. १९८९ च्या 'मैंने प्यार किया' चं आणि १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' चं संगीत त्याच नावाने आलं. म्हणजे ज्या गाण्यांवर आपल्या काकामावश्यांची लग्नं लागली, त्याचं एक टोक दादांच्या कंपूत सापडतं.

गाण्यांचा आवाजही बघा. दादांसाठी गायचे महेंद्र कपूर, अमृतसरचा पंजाबी माणूस, आणि सोबत उषा मंगेशकर. पण पडद्यावर ते गाणं नाम्याच्याच गळ्यातून आल्यासारखं वाटतं. दादांची टीम ठरलेली असायची. नायिका उषा चव्हाण, आये रत्नमाला, आवाज महेंद्र कपूर. लोकांना पाहुण्याच्या घरी नाही, आपल्याच घरी गेल्यासारखं वाटायचं.

दादांचं धाडस बघायचं असेल तर 'राम राम गंगाराम' ची हकीकत वाचावी. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागली आणि लगेच पंतप्रधान इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. दादांनी आपल्या सिनेमाचं नाव ठेवलं 'गंगाराम वीस कलमी'! पेपरांवर सेन्सॉर, विरोधी पुढारी तुरुंगात, मोठमोठे लोक गप्प, आणि हा माणूस सरकारी कार्यक्रमाचं नाव चड्डीवाल्या गंगारामाला देतोय. अर्थात सेन्सॉरने ते चालू दिलं नाही. सिनेमात बदल करावे लागले, नाव बदलावं लागलं, आणि १९७७ मध्ये तो 'राम राम गंगाराम' म्हणून आला. सोंगाड्याला राजाची टोपी उडवायची मुभा असते, पण ती तमाशाच्या बोर्डावर. खऱ्या राजाला ते सोसत नाही.

आता येऊ मुख्य आक्षेपाकडे. दादांचं नाव काढलं की चांगल्या घरातले लोक नाक मुरडतात. कारण – द्व्यर्थी संवाद. हे खोटं नाही. सेन्सॉर बोर्डाशी दादांची भांडणं कायमची. बोर्डाची अडचण अशी की शब्द तपासावेत तर एकही शब्द वाईट नाही. सगळे शेतातले, स्वयंपाकघरातले, गोठ्यातले शब्द. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात. कात्री लावायची कशाला? ही युक्ती दादांनी शोधली नाही. लोककलांतून ती पूर्वीपासून चालत आली आहे. भारुडात संत एकनाथांनीही एका अर्थाच्या आत दुसरा अर्थ ठेवला. तिथे आत अध्यात्म आहे, दादांच्या आत दुसरंच काही आहे, एवढा फरक! (सिव्हिलच्या आमच्या सरांना हे वाक्य आवडणार नाही, त्यांची क्षमा मागून.)

मुलगी म्हणून मला यावर काय वाटतं हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. सुरुवातीच्या सिनेमांत फजिती होते ती बहुतेक वेळा दादांची. त्यांनाच कळत नसतं आपण काय बोलून गेलो, आणि समोरची उषा चव्हाण त्यांच्यापेक्षा चार पावलं पुढे असते. ती लाजून कोपऱ्यात बसत नाही, उलट हवालदाराला खिशात घालते. ते बघताना मी मनापासून हसते. पण पुढे पुढे, विशेषतः ऐंशीच्या दशकापासून, गोष्ट पातळ होत गेली आणि नुसते शब्दांचे फटाके उरले. १९८४ च्या 'तेरे मेरे बीच में' पासून हिंदीही सुरू झालं. १९८६ च्या 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' चं नाव ऐकूनच लोक हसले, सिनेमाला वेगळं हसायची गरज राहिली नाही. त्या काळातल्या काही सिनेमांत बाई म्हणजे नुसतं विनोदाचं निमित्त. तिथे मला हसू येत नाही, आणि दादा मोठे होते म्हणून ते आलंच पाहिजे असंही नाही. मात्र 'सोंगाड्या' आणि 'एकटा जीव' न बघताच दादांना अश्लील ठरवून टाकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. इंग्रजी सिटकॉममध्ये याच्या दसपट चावट बोललेलं चालतं, सबटायटल लावून बघतो आपण. मराठीत गावच्या माणसाने तेच म्हटलं की अश्लील! हा न्याय कुठला? थोडक्यात काय, आक्षेप शब्दांवर किती आणि बोलणाऱ्याच्या चड्डीवर किती, हे ज्याने त्याने तपासावं.

काळही बदलत होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. तो संप कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं गावाला परतली किंवा मिळेल त्या कामाला लागली. लालबागच्या भारतमाता थिएटरसमोर रांगा लावणारा दादांचा हक्काचा प्रेक्षक असा डोळ्यांदेखत पांगला. ज्या गिरणगावाने दादांना विनोद दिला तेच उरलं नाही. दरम्यान मराठी सिनेमात नवीन मंडळी आली. १९८५ चा 'धुमधडाका', १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. विनोद गावातून शहरातल्या भाड्याच्या खोलीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे आणि दादांचेच जुने जोडीदार अशोक सराफ यांचं राज्य सुरू झालं. दादा मात्र शेवटपर्यंत आपल्याच पद्धतीचे सिनेमे काढत राहिले. 'पळवा पळवी', 'येऊ का घरात', 'सासरचं धोतर' हे सगळे नव्वदच्या दशकातले.

लाखो लोकांना हसवणाऱ्या या माणसाचं खासगी आयुष्य एकाकी होतं. संसार टिकला नाही. स्वतःची हकीकत त्यांनी अनिता पाध्ये यांना सांगितली, त्या आत्मकथनाचं नावच 'एकटा जीव' आहे. सिनेमाच्या नावातला सदाशिव गळला आणि मागे एकटा जीव तेवढा राहिला. १४ मार्च १९९८ ला पहाटे दादरला हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ६५.

आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी लॅपटॉपवर 'पांडू हवालदार' लागतोच. एका खोलीत पंधरा जणी, पाण्याची बादली उलटी करून त्यावर बसलेल्या. मेसच्या मावशी डबे न्यायला येतात आणि दारातच उभ्या राहतात, कारण पुढचं वाक्य त्यांना पाठ असतं. मावशींना आणि आम्हाला एकाच वेळी, एकाच गोष्टीला हसू यावं असं दुसरं काय आहे आपल्याकडे? त्यांना आमचे वेब सीरिज कळत नाहीत, आम्हाला त्यांचं कीर्तन कळत नाही. दादा दोघींना कळतात. २०१९ मध्ये 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटात दादांचं ढगाचं गाणं नव्या ठेक्यात आलं आणि मुंबई-दिल्लीची पोरं त्यावर नाचली. २०२१ मध्ये विजू माने यांनी 'पांडू' काढून दादांना सलाम केला. म्हणजे सोंगाड्या अजून बोर्डावरून उतरलेला नाही.

हे का टिकलं? मला तीन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे दादांचा बावळट खरा बावळट नाही. त्याला सगळे फसवायला बघतात आणि शेवटी तोच सुटतो. ज्याला आयुष्यात कुणीतरी कमी लेखलंय, अशा प्रत्येकाला तो आपला वाटतो, आणि असं कोण नाही? दुसरं म्हणजे आये. काहीही गोंधळ घातला तरी शेवटी घर आहे, आणि घरात शिव्या देऊन का होईना पण वाढून देणारी आई आहे. आणि तिसरं, भाषा. ही बोललेली मराठी आहे, लिहिलेली नाही. माझ्यासारख्या मुलीला, जिची मराठी शाळेत आठवड्याला चार तासांची होती, ती या सिनेमांत पहिल्यांदा जिवंत भेटली. पाठ्यपुस्तकातल्या मराठीला मी मार्कांसाठी घाबरायचे. या मराठीला घाबरावं लागलं नाही.

असो. दादांना पद्म पुरस्कार किती मिळाले, समीक्षकांनी किती पानं लिहिली याचा हिशेब काढला तर यादी लहानच होईल. पण हल्ली आपण सगळेच असे घाबरून जगतो ना, की इंग्रजी चुकेल, कपडे बरोबर नसतील, लोक हसतील... तेव्हा त्या रेझ्युमेकडे पुन्हा एकदा बघावं. या माणसाने लोक हसतील म्हणून आपली नाडी कधी आत खोचली नाही. लोक हसावेत म्हणूनच ती बाहेर ठेवली. ज्यांनी अजून 'सोंगाड्या' पाहिला नसेल त्यांनी या सुट्टीत घरी गेल्यावर आईवडिलांना, जमल्यास आजीला शेजारी बसवून बघावा. आजी आधी तोंडाला पदर लावेल. थोडा वेळ थांबा, मग तीच सगळ्यात मोठ्याने हसेल.